पाऊस उघडल्यावर

लोकांच्या आया पाऊस चालू असताना फोन करतात. पोचलीस का, भिजलीस का, छत्री नेली होतीस का. माझी आई पाऊस पडत असताना गप्प असायची. दोन दिवस संततधार लागून तिसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं, भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत गच्च्यांवर गोधड्या आणि टॉवेल वाळत पडले, की हिचा गावाकडून फोन यायचा.

“पाऊस उघडला का गं तितं?”

“उघडला की. कालच.”

“मग आता जपा.”

एवढं बोलून ठेवून द्यायची. मी चिडायचे. पाऊस गेल्यावर कशाला जपायचं? सोलापुरात मुळात पाऊस पडतो तो किती, आणि आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या घरात. नवरा म्हणायचा, तुझ्या आईचं घड्याळ दोन दिवस मागं चालतं. मीही हसायचे. आता तो फोन येत नाही, आणि पावसानंतर ऊन पडलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

तिची भीती आमच्या घराच्या जागेतून आली होती. वळसंगच्या पुढं एक लहान गाव आहे, त्याच्या कडेला ओढा. ओढ्याचा आमच्या बाजूचा काठ चांगला दोन पुरुष उंच, पांढऱ्या मातीचा, आणि त्या काठाच्या माथ्यावर आमचं दोन खणांचं माळवदी घर. पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला मेंढरांचा वाडगा, आणि वाडग्यापलीकडं एकदम उतार. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मी सातवीत असताना ते गेले. त्यानंतर मेंढरं, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि मी, असं सगळं आईनं एकटीनं ओढलं. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मेंढरांशी ती कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. कानडी मऊ असायची, मराठीत सगळं रागावणं. मला मेंढरांचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

काठाची ती पांढरी माती साऱ्या गावाच्या कामाची. माळवदावर घालायला तीच, भिंती पोतारायला तीच. घट बसायच्या आधी आठ दिवस बाया घर झाडून घेतात, भांडी घासतात आणि भिंतींवरून पांढऱ्या मातीचा हात फिरवतात. त्यासाठी त्या पाट्या आणि खुरपी घेऊन आमच्या काठाच्या पायथ्याशी उतरायच्या. वरची माती उन्हानं टणक झालेली, गवताच्या मुळ्यांनी भरलेली. खालची मऊ, ओलसर, हाताला लोण्यासारखी लागणारी. म्हणून सगळ्या जणी खालूनच खणायच्या. वर्षानुवर्षं खणून पायथ्याला माणूस वाकून आत जाईल एवढ्या बखोली पडल्या होत्या. त्यात हे दिवस म्हणजे भाद्रपदाचा शेवट, परतीचा पाऊस. मध्येच एखादी उघडीप मिळाली की सगळं गाव नेमकं त्याच दिवशी खाली.

आई वाडग्यापाशी उभी राहून ओरडायची. “अगं ए, वर या! पाऊस उघडलाय, आजच कशाला मराया आलाय तितं? चार दिस ऊन खाऊ द्या तिला!”

“मग कवा यायचं वो काकू?” खालून एखादी चेष्टेनं विचारायची.

“मी सांगती की.”

आणि खरंच सांगायची. चार दिवस कडक ऊन पडलं की घरोघर जाऊन ‘या आता’ म्हणून निरोप द्यायची. तोवर निम्म्या बायांनी तिला न जुमानता माती नेलेलीच असायची. काकूला मातीपण देववत न्हाय, असं त्या मागं बोलायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गावाची माती, हिचं काय जातंय?

तिचं काय जातंय, ते मला एकदा अंगण सारवताना कळलं. उघडीप मिळाली की आईचं पहिलं काम सारवण. शेण पातळ कालवायची, आणि वाडग्याकडच्या बाजूला आली की हात हलका ठेवायची. दाट थर दिला तर सगळं झाकलं जातं. पातळ हात दिला की वाळताना त्यात केसाएवढी भेगसुद्धा उमटते. मी शेजारी बादली घेऊन उभी होते. तिनं बोट ठेवून दाखवलं.

“ही बघ. उनाची भेग कशीबी जाती, येडीवाकडी. तिला भ्यायचं न्हाय. पर उताराची भेग काठाच्या बाजूनं जाती, अशी वाकून, इळ्यागत. ही उताराची हाय.”

त्या भेगेवर तिनं शेणाचा एक गोळा थापला. दुसऱ्या दिवशी गोळा अखंड राहिला तर माती जागच्या जागी आहे. मधोमध फाटला तर ती सरकतेय. गोळा फाटला होता. मग आईनं मेंढरं घरामागं नेऊन बांधली, भेगेत मळलेली माती भरून टाचेनं दाबली आणि माळवदाचं पाणी दुसरीकडं जावं म्हणून घरामागून चर काढला.

“वरनं पडल्यालं पाणी निगून जातंय,” ती म्हणाली. “भेगंत शिरल्यालं आत बसतंय. ते शिरू द्यायचं न्हाय.”

“मग पाऊस पडताना का भीत नाहीस?”

“तवा ओढा भरल्याला असतोय की. पाण्याचा काठाला टेका असतोय. पाणी वसरलं की टेका गेला, आन् काठ तर आतनं भिजून जड झाल्याला. मग त्यो बसतो.” आणि भेग थापत थापत ती काठालाच म्हणाली, “निल्लु, निल्लु.” कानडीत थांब. मेंढरांना म्हणायची तसंच, मऊ आवाजात.

पुढं मी शिकले, आणि पोटापाण्याला मातीच आली. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मातीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिथं एक लोखंडी पेटी आहे, आडवी दुभागलेली. तिच्यात माती दाबून भरायची, वर वजन ठेवायचं आणि खालचा भाग हळूहळू सरकवत न्यायचा. कधीतरी माती मधोमध तुटते आणि वरचा थर खालच्यावरून घसरतो. ते तुटणं किती जोराला झालं, हे तबकडीवरचा काटा सांगतो. दरड म्हटलं की पोरांना कोकणातले घाट आठवतात, सोलापुरात दरड म्हटलं की हसतात. त्यांचं हसू घालवायला मी एका दिवाळीला आमच्या अंगणाच्या टोकाची माती डब्यात भरून नेली. कोरडी असताना ती चिवट निघाली, काटा वर वर चढत राहिला. भिजवून भरली तेव्हा काटा जेमतेम हलला आणि माती सुटली.

आमच्या सरांनी पोरांना समजावून सांगितलं. कणांच्या मधल्या जागेत पाणी भरलं की ते कणांना एकमेकांपासून ढकलतं. एकीकडं मातीचं वजन वाढतं, दुसरीकडं तिची पकड सुटते. असल्या मातीत पाणी सावकाश जातं, म्हणून वर पाऊस थांबला तरी आत त्याचं काम चालूच असतं. खाली कठीण मुरूम लागला की पाणी तिथं साचतं आणि वरची माती त्यावरून घसरते. पायथा कोणी खणलेला असेल तर मग विचारायलाच नको. मी त्या दिवशी आईला फोन करून मोठ्या उत्साहानं हे सगळं सांगितलं.

“मग मी काय येगळं सांगत हुते?” ती म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

हे सगळं माहीत असताना मी कोबा केला.

आईचे गुडघे गेले होते. सारवायला बसली की खांब धरल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं. एका उन्हाळ्यात मी सोलापुरातून गवंडी नेला आणि दारापासून वाडग्यापर्यंत सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा करून घेतला. गुळगुळीत, चकाकणारा. गावातल्या बाया बघायला आल्या, लेक असावी तर अशी म्हणाल्या. मी तर फुगूनच गेले. त्या फुगण्यात माझं सगळं शिक्षण कुठं गेलं, मला खरंच सांगता येणार नाही.

आई अनवाणी कोब्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“चांगलं झालं की,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आता भेग कशी दिसायची गं?”

मी हसले. “अगं आई, भेग पडू नये म्हणूनच तर केलाय कोबा!”

तीही हसली. पण हसताना ती माझ्याकडं बघत होती, कोब्याकडं नाही.

त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरलं. चार दिवस सोडेना. ओढा काठोकाठ भरला, गावाचा रस्ता बंद झाला. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि पाणी भराभरा ओसरलं. सकाळी मी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेची मांडामांड करत होते तेव्हा आईचा फोन आला.

“अंगण पोकळ वाजतंय,” ती म्हणाली. “काठी आपटली की रिकाम्या घागरीवाणी आवाज येतोय. काल असा न्हवता. तू यिऊन बघ की. तू तर मातीतलीच हायस.”

“आई, आज परीक्षा आहे गं. आणि ऊन पडलंय ना आता? रविवारी येते.”

“बरं,” ती म्हणाली.

त्या दिवशी ती ‘मग आता जपा’ म्हणाली नाही. फोन ठेवताना माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. आवाज पोकळ येतो म्हणजे कोब्याखालची माती खाली बसली आहे आणि कोबा नुसता अधांतरी टेकलाय, हे पोरांना मी डोळे मिटून सांगितलं असतं.

पुढचं मला गावातल्या बायांनी सांगितलं. आईनं मेंढरं सोडून लांब शेजाऱ्यांच्या गोठ्यात नेऊन घातली. मग ते गुडघे घेऊन, काठी टेकत, ती वळसा घालून ओढ्यात उतरली. घट चार दिवसांवर आले होते, उघडीप मिळाली होती, पायथ्याशी सात-आठ बाया खणत होत्या. ती ओरडली, त्या हसल्या. तेव्हा ही बाई सरळ बखोलीच्या तोंडात फतकल मारून बसली. “खणा आता,” म्हणाली, “माज्यावरनं खणा.” भांडण झालं, हिनं शिव्या दिल्या, त्यांनीही दिल्या. शेवटी वैतागून त्यांनी पाट्या उचलल्या आणि गेल्या. शेवटची बाई गेल्यावर आई त्यांच्या मागोमाग निघाली आणि दम लागला म्हणून देवळाच्या पारावर टेकली. ती पारावर असताना काठ बसला. ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मोठा आवाजही झाला नाही. धान्याचं पोतं दाणकन खाली ठेवावं तेवढाच, असं बाया म्हणाल्या.

निरोप मिळून मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आई ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभी होती, तिथं मीही जाऊन उभी राहिले. दोन्ही खण, वाडगा, अंगण सगळं खाली गेलं होतं. मागची भिंत आणि तिच्यापुढची जमिनीची एक पट्टी तेवढी वर उरली होती. आणि मातीच्या त्या ढिगावर आमचा कोबा, जवळजवळ अर्धा, कलता पडलेला होता. एकसंध. उन्हात चकाकत होता. त्यावर एकही भेग नव्हती.

“गवंड्यानं काम चांगलं केलं हुतं,” आई म्हणाली.

हा टोमणा असता तर मी सुटले असते.

मग ती आमच्याकडं भवानी पेठेत आली आणि तीन वर्षं राहिली. शेजारच्या लूमचा खडखडाट तिला कधी सोसला नाही, पण तक्रार केली नाही. रोज सकाळी ती फरशीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालायची, खाली बघत. नवऱ्यानं विचारलं, आई, काही हरवलंय का? “काय न्हाय,” म्हणायची. तिला काय हवं होतं हे मला कळत होतं. दोन खणांचं घर नको होतं, मेंढरंसुद्धा नको होती. तिला हात फिरवायला जमीन हवी होती. ती मला देता येत नव्हती. जी होती ती मीच झाकून टाकली होती.

एकदा तिच्या गुडघ्यांना तेल लावताना मी म्हणाले, “आई, मी त्या दिवशी यायला हवं होतं.”

“आली असतीस तर कोब्यावर उबी ऱ्हायली असतीस, काठी आपटून बघत,” ती म्हणाली. “बरं झालं न्हाय आलीस.”

तिनं मला एकदा तरी घालून पाडून बोलायला हवं होतं. मराठीत, पूर्वीसारखं. त्या तीन वर्षांत ती माझ्याशी मराठीतच, पण मेंढरांशी बोलायची तशी मऊ बोलली.

फोन मात्र बंद झाले नाहीत. पाऊस थांबून ऊन पडलं की ती घरातून मला कॉलेजात फोन करायची. पाऊस उघडला, जपून ये. मी पेटीत माती भरता भरता फोन खांद्याशी धरायचे आणि म्हणायचे, हो आई, जपते. पोरं हसायची. मी हसायचे नाही.

गेल्या चैत्रात आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

यंदा घट बसायच्या आधी पुन्हा तसाच पाऊस लागला. चार दिवस. मी खिडकीतून बघत राहिले, मला काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी ऊन पडलं. प्रयोगशाळेत फोन पेटीशेजारी ठेवला होता. अकरा वाजले, साडेअकरा झाले. तो वाजणार नाही हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी माझं लक्ष सारखं तिकडंच. पोरांच्या नोंदी दोनदा चुकल्या. शेवटी मी सरांना सांगून रजा टाकली आणि वळसंगच्या गाडीत बसले.

गावात एका घरी बादलीभर शेण मागून घेतलं. मागच्या भिंतीपुढं उरलेल्या पट्टीवरचं गवत खुरप्यानं खरवडलं आणि गुडघे टेकून सारवायला बसले. किती वर्षांनी बसले होते. काठाकडच्या बाजूला आले तसा हात आपोआप हलका झाला. आई, तू इथं हवी होतीस, असं मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं. मग भिंतीच्या सावलीत बसून वाळायची वाट बघितली. ऊन चांगलं होतं, तासाभरात शेण फिकं पडलं आणि माझ्यापासून दोन हातांवर एक बारीक रेघ उमटली. काठाच्या बाजूनं, वाकून गेलेली. इळ्यागत.

तेवढ्यात खालून हसण्याचा आवाज आला. मी भिंतीला धरून लांबून वाकून बघितलं. पायथ्याशी तीन बाया खुरप्यानं माती खणत होत्या. एकीचं डोकं दिसत नव्हतं, ती बखोलीत होती.

“अगं ए, वर या!” मी ओरडले. “पाऊस उघडलाय, आजच कशाला मराया आलाय तितं?”

सोलापुरात इतकी वर्षं घासूनपुसून बोलते मी. हे कुठून आलं, माझं मलाच कळलं नाही. दोघींनी वर बघितलं. बखोलीतली बाहेर येईना, तेव्हा आई द्यायची त्या शिव्या मी दिल्या, एकही न गाळता. तेव्हा ती आली. तिघी पाट्या घेऊन बाजूच्या वाटेनं वर आल्या. त्यातली वयस्कर होती तिनं मला निरखून बघितलं.

“तू म्हातारीची लेक न्हवं?” ती म्हणाली. “तिच्यागतच वराडतीस की.”

मी नुसती मान हलवली. 

बखोलीत होती ती नवी सून होती, अंगाखांद्याला माती लागलेली. तिला आई माहीत नव्हती. मी तिला ती रेघ दाखवली, तिच्यावर शेणाचा गोळा थापला, तो उद्या लांबूनच बघायला सांगितलं आणि फाटला तर काय समजायचं तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अगदी सरळ मनानं विचारलं, “मग कवा यायचं वो मावशी?”

“मी सांगते की,” मी म्हणाले, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की आता सांगावं लागेल. मी तिचा नंबर लिहून घेतला.

घट बसायच्या आदल्या दिवसापर्यंत सलग चार दिवस ऊन मिळालंच नाही, मी ‘या’ म्हणाले नाही आणि त्या सुनेच्या घराला यंदा पोतारा लागला नाही. परवापासून पुन्हा पाऊस होता, आज सकाळी उघडला. गल्लीत गोधड्या वाळत पडल्या तसा मी तिला फोन लावला.

“पाऊस उघडला का गं तितं?”

“व्हय मावशी, सकाळीच.”

“मग आता जपा.”

ती हसली, बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी मात्र तो हातात धरून तशीच बसून राहिले. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि मला अजून फोन यायचा होता.